पश्चिमेचं कुंपण: कोयनेलच्या नोंदी

28 मे 2023

नागपुरात नवतपा, मेअखेरचे ते रणरणते नऊ दिवस, सुरू आहे, म्हणून मोजमाप सकाळी सातच्या आत उरकलं. घराची पश्चिम बाजू 11 मीटर भरली. तिथे दोन फुटी भिंत आणि तिच्यावर तारेची जाळी. जाळी खालून गंजून गेली आहे. पलीकडचा प्लॉट रिकामा, त्यामुळे दुपारी तीननंतर लू आणि धूळ थेट बैठकीत शिरते.

ह्यांचं म्हणणं भिंतच उंच करू. पण आमची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. असल्या जमिनीवर उथळ पायाची भिंत चढवली की तडे ठरलेले. शिवाय पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि ती ऊब रात्री घरात सोडते. कूलर मग कोणाशी भांडणार? जिवंत कुंपण करायचं ठरलं.

अटी लिहून ठेवते. बारा महिने पानं हवीत. उंची पाच फूट. काटे नकोत. तोंडात घातलं तर बाधेल असं फळ नको, नात आता हाती लागेल ते चाखून बघते. आणि पुढच्या नवतप्यात एखाद दिवस पाणी चुकलं तरी माना टाकू नयेत.

3 जून 2023

नर्सऱ्या फिरून आले. कुंपणाला काहीतरी द्या म्हटलं की नर्सरीवाला आधी डुरांटा पुढे करतो. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यांत पिवळ्या पानांचा दिसतो तोच. दिसायला छान, पण त्याची पिवळी मण्यांसारखी फळं विषारी, आणि मण्यांसारखी आहेत म्हणूनच पोरं तोडणार. बाद. कण्हेर काहीही सोसते, पण मुळापासून फुलापर्यंत सगळीच विषारी. फायकसची मुळं भिंत आणि पाइप दोन्ही शोधत जातात. खरी मेंदी, हातावर लावायची, ती पाणी तुटलं की पानं गाळते आणि जुनी झाली की फांद्यांची टोकं टोचायला लागतात. चिचबिलाई, म्हणजे विलायती चिंच, शेताच्या धुऱ्यावर शोभते. अंगणात लावली तर कातरता कातरता जीव जाईल. करवंद सदाहरित, भक्कम, पण काट्यांचं आणि वाढायला फार सावकाश.

सासूबाईंनी मात्र नर्सरीच्या फाटकातच निकाल दिला होता: कामिनी. गर्द बारीक पानं, पावसाच्या सरीनंतर पांढरी फुलं, संध्याकाळी अंगणभर वास. मलाही पटलं. उद्या आगाऊ पैसे द्यायचे.

4 जून 2023

पैसे दिले नाहीत. काटोलहून भाऊजी आले होते. त्यांची संत्र्याची बाग आहे आणि आमच्या अंगणातलं संत्र्याचं कलमही त्यांनीच आणून लावलेलं. जेवता जेवता कामिनीचं नाव निघालं आणि त्यांचा घास हातातच थांबला.

"वहिनी, कामिनी लावून राहिल्या तुम्ही? अंगणात संत्रा हाये ना! सिल्ला येते तिच्यावर."

त्यांनी सांगितलं ते सविस्तर उतरवून ठेवते, कारण कुंपणाची सगळी निवड यावरच फिरली. कामिनी आणि संत्रा एकाच कुळातली. सायला, म्हणजे भाऊजींची सिल्ला, ही तीनचार मिलिमीटरची करडी तपकिरी कीड दोन्हींवर जगते, आणि कामिनी तर तिची खास आवडती. अंडी ती कोवळ्या पालवीतच घालते, पानं अजून नीट उलगडलेलीही नसतात तेव्हा. संत्र्याला भरपूर पालवी येते ती बहाराच्या वेळी. मधल्या काळात किडीला अंडी घालायला जागा कमी. कामिनीचं कुंपण मात्र आपण पुन्हापुन्हा कातरतो, आणि प्रत्येक कातरणीनंतर टोकाटोकाला नवी पालवी फुटते. म्हणजे संत्रा स्वस्थ असतो त्या महिन्यांतही सायलाच्या पिढ्या शेजारी सुखानं वाढतात, आणि संत्रा फुटला की त्याच्याकडे वळतात.

रस शोषल्यानं पालवी आक्रसते, तेवढं एक वेळ चालेल. खरी भीती ग्रीनिंगची. जिवाणूंमुळे होणारा हा रोग हीच कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांशी न जुळणारे पिवळट चट्टे येतात, फळ वाकडं होतं आणि खालच्या टोकाला हिरवंच राहतं. रोग लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही.

केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था याच शहरात, अमरावती रोडवर. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही आहे. आणि इथल्या नर्सऱ्यांत कुंपणासाठी म्हणून कामिनी रांगेनं मांडलेली! विकणाऱ्याला काय दोष द्यायचा, घेणारा संत्र्याबद्दल बोलतच नाही.

5 जून 2023

सकाळी भिंग घेऊन मागच्या दारचा गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, बघितला. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर बसलेले सापडलेच. सायला ओळखायची खूण सोपी: डोकं खाली, ढुंगण वर, तिरपी बसते. पिल्लांच्या अंगातून पांढरे मेणचट धागे निघतात.

भाऊजींना फोन करून म्हटलं, गोडलिंबावरही आहे, मग कामिनीनं काय घोडं मारलं?

"एक झाड नजरेत राहते जी. शेंडा खुडला, निंबोळी फवारली, झालं. अकरा मीटर रोज कोण पाहीन?"

हे पटलं. गोडलिंब राहील, त्याशिवाय आमची कढी होत नाही. कामिनी नाही. सासूबाई नाराज आहेत. त्यांना मोगऱ्याच्या दोन मोठ्या कुंड्या कबूल केल्या, त्यावर त्या "बघू" म्हणाल्या.

9 जून 2023

कोयनेल ठरली. बरेच लोक हिला कडू मेंदी म्हणतात. जुन्या बंगल्यांना आणि सरकारी क्वार्टरांना असते ती. संत्र्याच्या कुळाशी हिचा संबंध नाही. मूळची समुद्रकाठची, खाडीच्या कडेला खारफुटीच्या संगतीनं वाढणारी, त्यामुळे खारं पाणी, साचलेलं पाणी, भिकार जमीन, सगळं चालतं. पानं जाड, चकचकीत, बारमाही. चवीला इतकी कडू की बकरी तोंड लावत नाही, आणि रिकाम्या प्लॉटात बकऱ्या रोज येतात. काटे नाहीत. कातरत राहिलं तर फुलं-फळं फारशी धरत नाही.

दोष एकच. मोकळी सोडली की हात पसरते, फांद्या लोळायला लागतात. कातरीशिवाय हिचं कुंपण होत नाही, नुसतं जाळं होतं. आळशी माणसानं लावू नये.

रोपं विकत घ्यायची गरज नाही. बहिणीच्या क्वार्टरला जुनी कोयनेल आहे, पाऊस पडला की छाटणार आहेत.

12 जून 2023

चर खोदून घेतला. भिंतीपासून दीड फूट सोडून, 45 सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल. मजूरभाऊ सब्बल टेकवून म्हणाले, "ताई, मेंदीले येवढा गड्डा कायले? काडी खुपसली तरी लागते ते." लागते हे खरं. पण वरची फूटभर माती उन्हात भेगाळते तेव्हा त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात, म्हणून मुळं खाली उतरायला हवीत आणि मातीची चिकटाई मोडायला हवी. निघालेल्या मातीत रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळून चर पुन्हा भरला, वर थोडी निंबोळी ढेप. ढेप मुख्यतः उधईसाठी. कोरड्या काडीला ती आधी लागते. भरताना माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवली, पावसात बसतेच.

यंदा पाऊस लांबला आहे. चर तसाच उघड्या उन्हात पडून आहे, तेही बरंच, माती तापून निघते.

26 जून 2023

पाऊस आला. बहिणीकडून चुंगडीभर फांद्या आणल्या आणि त्याच दिवशी लावल्या.

काडी पेन्सिलीएवढी जाड घेतली. कोवळा हिरवा शेंडा सडतो, फार जून लाकूड लवकर फुटत नाही. मधला करडा भाग बरा. लांबी वीतभर, चारपाच डोळे असतील अशी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटंसुलटं होत नाही. पानं सगळी काढली, वरची दोन अर्धी कापून ठेवली. मुळं फुटायची पावडर लागत नाही हिला. दोन ओळी, दोन्हींत फूटभर अंतर, आणि काड्या समोरासमोर न लावता आडव्या घरात, म्हणजे मागच्या ओळीची काडी पुढच्या दोघींच्या मधोमध येते. थोडी तिरपी खुपसून अर्ध्याहून जास्त जमिनीत. मजूरभाऊंनी हातानं माती दाबायला सुरुवात केली, मी पायानं दाबायला सांगितली. काडीभोवती पोकळी राहिली तर मुळं हवेत सुकतात.

उरलेल्या काड्या पिशव्यांत लावून मोगऱ्याच्या सावलीत ठेवल्या, तूट भरायला. (मोगरा आला आहे. सासूबाईंनी कुंड्या स्वतः निवडल्या.)

22 जुलै 2023

फुटल्या. एखादी काडी हळूच ओढून बघायचा मोह होतो, तो आवरायचा. मुळं धरली असतील तर ओढण्यानं तुटतात आणि धरली नसतील तर कळून उपयोग नाही.

6 ऑगस्ट 2023

पहिली शेंडेखुडी. कोंब जेमतेम वीतभर झाले आहेत आणि मी त्यांचे शेंडे उडवते आहे हे बघून ह्यांना वाईट वाटलं. "वाढू दे की जरा." पण कुंपण दाट व्हायचं असेल तर ते तळापासून व्हावं लागतं. शेंडा कापला की त्याच्या खालच्या पानांच्या बगलेतले दोन डोळे जागे होतात, एकाच्या दोन फांद्या होतात. आत्ता उंच जाऊ दिलं तर चार फुटांवर हिरवं छत आणि खाली नुसत्या काठ्या. जुन्या कुंपणांत मांजर आरपार जातं ते याच कारणानं. वरून कितीही कातरा, ती खालची जागा सहजासहजी भरत नाही.

2 सप्टेंबर 2023

ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट, असं हवामान खात्यानं सांगितलं. पावसाच्या भरवशावर लावलेल्या काड्यांना पाइपनं पाणी द्यावं लागलं. टोकाच्या, सगळ्यांत उन्हातल्या काही वाळल्या. तिथे पिशव्यांतली रोपं बसवली. बुडाशी सोयाबीनचं जुनं कुटार, म्हणजे भुसा, पसरलं.

15 सप्टेंबर 2023

काल पोळा, आज मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत पुतळ्यांची मिरवणूक काढायचा दिवस. कोयनेलच्या बगलांत पांढरा कापूस दिसला: मिलीबग. कोरड्या हवेत वाढतो आणि मुंग्या त्याला राखतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडली. जास्त लागलेले कोंब कापून साबणाच्या पाण्यात बुडवले, बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "मिलीबग घेऊन जा गे मारबत!"

24 सप्टेंबर 2023

शुक्रवारच्या मध्यरात्रीनंतर जो पाऊस कोसळला त्यानं शहराची दाणादाण केली. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरांत पाणी शिरलं, माणसं गेली. कुंपणाचं लिहायला लाज वाटते आहे, पण नोंद म्हणून: आमच्याकडे अंगणात घोटाभर पाणी साचलं, चर काल दिवसभर पाण्याखाली होता. कोयनेलला काही झालं नाही.

काळजी संत्र्याची होती. त्याच्या बुडाशी पाणी थांबलं तर बुरशी मुळं कुजवते आणि खोडातून डिंक येतो. भाऊजींनी लावताना ते मातीच्या उंचवट्यावर लावलं होतं म्हणून बुंधा कोरडा राहिला. तरी आज बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे प्रमाण, मला त्याचा विसावा भागही पुरला. लोखंडी भांड्यात करायची नाही.

18 फेब्रुवारी 2024

थंडीत कोयनेल थांबल्यासारखी होती, आता पुन्हा सुटली. उंची गुडघ्याच्या वर. दोरी बांधून पहिली आकाराची कातरणी केली. वर अरुंद, खाली रुंद, बाजूंना किंचित उतार. उलटं झालं, म्हणजे माथा रुंद आणि बूड अरुंद, तर वरच्याच्या सावलीत खालची पानं गळतात. नर्सरीतल्या आयत्या कुंपणांना हा उलटा आकार बहुतेकदा दिसतो, कारण कातरणारा माणूस उभ्यानं कातरतो. बसून कातरावं लागतं. कंबर बोलते.

7 एप्रिल 2024

ठिबक टाकलं. आतच ड्रिपर असलेली 16 मिलिमीटरची नळी, दर फुटावर तासाला 4 लिटरचा एक ड्रिपर. 11 मीटरला साधारण 36 ड्रिपर, म्हणजे तासाला 144 लिटर. एक दिवसाआड पाऊण तास, पहाटे. रोज थोडं थोडं पाणी दिलं तर मुळं वरच राहतात, आणि वर राहिलेल्या मुळांची मे महिन्यात काय गत होते ते आधी लिहिलंच आहे.

12 मे 2024

कूलरच्या पाण्याचा प्रश्न सुटला, आणि ही मला या सगळ्या उद्योगातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट. कूलरमधलं पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार टाकीतच राहतात आणि रोज नवीन पाण्याबरोबर वाढत जातात. खसच्या जाळीवर पांढरा थर चढतो तो तोच. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करावीच लागते, डासांसाठीही. इतकी वर्षं ते पाणी नालीत जायचं. संत्र्याला द्यायची सोय नाही, त्याला क्षार अजिबात सोसत नाहीत, पानांच्या कडा करपतात. कोयनेल समुद्राकाठची. ह्यांनी टाकीच्या बुचाला नळी जोडून ती चराच्या टोकाला आणून सोडली. बादल्या वाहायचं काम संपलं.

क्षार मातीत साचतील, हे आहेच. पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो की ते धुऊन खाली जावेत. तरी एकाच टोकाला नको म्हणून नळी दर आठवड्याला सरकवतो.

1 जून 2024

नवतपा संपत आला. परवा शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले आणि दिवसभर फोन वाजत राहिले, पुण्याची नणंद तर रडायलाच आली होती. नंतर कळलं यंत्रात बिघाड. खरं तापमान पंचेचाळीसच्या आसपासचं, जे आमच्याकडे बातमी नसतं.

कोयनेल हिरवी आहे. पश्चिमेच्या तोंडाची वरची पानं दुपारी थोडी मलूल होतात आणि सकाळी सावरतात. एप्रिलनंतर कातर लावलेली नाही. कातरलं की आतली, सावलीत वाढलेली पानं एकदम उन्हात येतात आणि भाजतात. बैठकीत धूळ कमी येते हे मला जाणवतं, ह्यांना जाणवत नाही. झाडू मी मारते.

14 जुलै 2024

पावसाबरोबर सुटली आहे. तीन आठवड्यांनी कातरणी, एकदा तर दोनच आठवड्यांनी. कातरण एवढं निघतं की एका कोपऱ्यात ढीग केला आहे. तसंच ओलं पसरलं तर काड्यांना मुळं फुटतात, म्हणून आधी उन्हात वाळवायचं.

3 सप्टेंबर 2024

छातीपर्यंत आली. बुडाशी हात घालून बघितला, पलीकडचा प्लॉट दिसत नाही. मांजराला आता वळसा घालावा लागतो. बकऱ्यांपैकी एकीनं पान तोंडात घेतलं, थुंकलं आणि गेली. गंजलेली जाळी आतच राहू दिली आहे, काढायला गेलो तर फांद्या मोडतील.

22 डिसेंबर 2024

पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम सुरू. सिमेंटची धूळ पानांवर बसते आणि दवानं किंवा पाण्यानं ओली झाली की तिथेच घट्ट होते. म्हणून थेट पाइप मारत नाही. आधी सकाळी ऊन चढल्यावर, पानं कोरडी झाल्यावर, लांब दांड्याच्या झाडूनं कुंपण झटकायचं, मग जोरात पाणी. ठेकेदाराला हिरवी जाळी लावायला सांगितलं. "लावतो जी," म्हणाला.

16 फेब्रुवारी 2025

संत्र्याचा आंबिया बहार फुटला. भिंग घेऊन पालवी तपासली, वरच्या फांद्या स्टुलावर चढून. सायला नाही. गोडलिंबावर तिरप्या बसलेल्या दिसल्या. तिथले शेंडे खुडून पिशवीत बांधले आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारला, पानांच्या खालच्या बाजूनंही. भाऊजींना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं: दहा दिवसांनी पुन्हा पहा, पालवी जून होईस्तोवर.

हिरवी जाळी अजून लागलेली नाही.

कोयनेलची उन्हाळ्याआधीची शेवटची कातरणी होळीच्या आधी उरकायची, म्हणजे नवी पानं ऊन तापायच्या आत जून होतील. दोरी यंदा पाच फुटांवर बांधायची. सासूबाई म्हणतात साडेपाच, पलीकडे दुमजली होणार आहे. पण साडेपाचाला मला स्टूल लागेल आणि स्टुलावरून माथा सपाट येत नाही. पाचच.